चौकोनी मॉनिटर आणि एक खोटा आरोप

भांडण कशावरून होईल याचा काही नेम नाही. माझं आणि माझ्या रूम पार्टनरचं झालं ते मॉनिटरच्या आकारावरून. चूक सर्वस्वी माझी होती, म्हणून हा लेखही मीच लिहितोय.

हॉस्टेलला नंबर न लागल्यामुळे आम्ही दोघं नारायण पेठेत, पत्र्या मारुतीजवळच्या एका जुन्या वाड्यात राहतो. खोली इतकी लहान, की दोन टेबलं लावली की चालायला जागा उरत नाही. त्याचा मॉनिटर नवा आणि रुंद. माझा कुठल्यातरी ऑफिसातून निघालेला, सेकंडहँड, १९ इंची चौकोनी. मेसच्या पैशातून वाचवून घेतला होता आणि माझ्या अर्ध्या टेबलावर मापात बसला, म्हणून मी खूश होतो.

एका शनिवारी रात्री आम्ही काउंटर-स्ट्राइक २ खेळत होतो, तो विरुद्ध मी. हॉस्टेलचे चार मित्र बघायला आले होते. मी बाजूने दबकत जायचो आणि हा मला आधीच टिपायचा. एकदा, दोनदा, पाचदा! सहाव्या वेळी मी सगळ्यांसमोर म्हणालो, "तू हॅक लावलायस. चीटर आहेस तू!" तो एक शब्द बोलला नाही. कॉम्प्युटर बंद केला आणि झोपला. पुढे आठ दिवस तो मेसला एकटाच जात होता.

गोलाचं अंडं

त्या आठ दिवसांत मी एकटाच खेळत बसायचो. एकदा बंदुकीच्या दुर्बिणीचा गोल मला अंड्यासारखा वाटला. ड्रॉइंगची स्टीलची पट्टी घेऊन स्क्रीनवर मोजलं. रुंदी १५ सेंटिमीटर, उंची १६. म्हणजे माझ्या डोळ्यांचा दोष नव्हता!

कारण सोपं निघालं. एलसीडी मॉनिटरवर ठिपके कायमचे ठरलेले असतात. माझ्यावर आडवे १२८० आणि उभे १०२४, म्हणजे ५:४ हे प्रमाण. गेमचं सेटिंग मात्र १०२४ बाय ७६८ होतं, म्हणजे ४:३. हे चित्र पूर्ण स्क्रीनवर पसरायचं तर आडवं सव्वापट ताणावं लागतं आणि उभं एक पूर्णांक एक तृतीयांशपट. दोन्हीकडचा ताण वेगळा, म्हणून गोलाचं अंडं होतं. शिवाय एका ठिपक्याचे सव्वा ठिपके करता येत नाहीत, म्हणून चित्र धुरकट दिसतं. जुन्या काचेच्या सीआरटी मॉनिटरला असे ठरलेले ठिपके नव्हते, त्यामुळे कमी रिझोल्यूशनचं चित्रही त्यावर बरं दिसायचं.

रुंद मॉनिटरवर जुना ४:३ गेम ताणला तर याच्या उलट होतं. सगळी माणसं एक तृतीयांशाने जाड होतात!

हे आकार आले कुठून?

आमच्या खोलीपासून केळकर रस्त्याने अप्पा बळवंत चौकाकडे गेलं की किबे लक्ष्मी थिएटर लागतं. हे पूर्वीचं प्रभात टॉकीज. प्रभातचा 'संत तुकाराम' (१९३६) आठवा. त्या काळच्या चित्रपटांची चौकट जवळपास ४:३ असायची, कारण एडिसनच्या प्रयोगशाळेत १८९० च्या दशकात ३५ मिलिमीटर फिल्मची चौकट तशी ठरली होती. पुढे टीव्हीने तोच आकार घेतला आणि टीव्हीकडून तो कॉम्प्युटरकडे आला. १९५३ साली हॉलिवूडने सिनेमास्कोप आणला, आपल्याकडे 'कागज के फूल' (१९५९) त्या रुंद पडद्यावर आला. मग घरच्या टीव्हीवर जुनं आणि नवं दोन्ही कसं बसवायचं? १९८० च्या दशकात यावर मधला मार्ग निघाला, तो १६:९. १.३३ आणि २.३५ यांचा गुणाकार करून वर्गमूळ काढा, १.७७ येतं. १६ भागिले ९ म्हणजे १.७८!

खिडकी केवढी?

आता मूळ भांडणाकडे येतो. वाड्याच्या अरुंद खिडकीतून समोरची गल्ली दिसते तेवढीच दिसते. तितक्याच अंतरावर, तितक्याच उंचीची पण रुंद खिडकी असेल तर कोपऱ्यावरचा माणूसही दिसतो. गेममध्ये अगदी हेच होतं. बरेच गेम उभा कोन कायम ठेवतात आणि आडवा कोन स्क्रीनच्या प्रमाणावर सोडतात. उभा कोन सुमारे ७४ अंश असतो, आणि त्याच्या अर्ध्याचा टॅन ०.७५ येतो. याला स्क्रीनच्या प्रमाणाने गुणलं की आडव्या कोनाच्या अर्ध्याचा टॅन मिळतो. एम-वनमध्ये टॅन शिकलो तेव्हा त्याचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. हिशेब असा :

५:४ – ८६ अंश
४:३ – ९० अंश
१६:१० – १०० अंश
१६:९ – १०६ अंश

मी ४:३ वर खेळत होतो. त्याला दोन्ही बाजूंना माझ्यापेक्षा आठ-आठ अंश जास्त दिसत होते. मी त्याच्या नजरेच्या कडेला उभा असायचो, तेव्हा तो मला दिसतच नसायचा. हॅक कसला आणि काय!

कागदावरचं गणित घेऊन मी त्याच्याकडे गेलो. तो म्हणाला, "गणित राहू दे, करून बघू." एकाच जागी, भिंतीवरच्या एकाच खुणेकडे तोंड करून दोघं उभे राहिलो. त्याच्या स्क्रीनवर उजवीकडचं दार पूर्ण दिसत होतं. माझ्यावर दाराची चौकटसुद्धा नव्हती.

बिनपैशाचा उपाय

मला वाटलं, आता नवीन मॉनिटर घ्यावा लागणार. पार्टनरनेच उपाय सांगितला. चौकोनी मॉनिटरवर गेमचं रिझोल्यूशन १२८० बाय ७२० ठेवायचं. हे बरोबर १६:९ आहे. वर १५२ आणि खाली १५२ ओळी काळ्या राहतात, पण एक ठिपका म्हणजे एकच ठिपका, त्यामुळे चित्र स्वच्छ येतं, गोल गोलच राहतो आणि पूर्ण १०६ अंश दिसतात. चित्र लहान होतं एवढाच तोटा.

मात्र ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये 'स्केलिंग' शोधून 'मेंटेन अ‍ॅस्पेक्ट रेशो' निवडायला विसरू नका, नाहीतर काळ्या पट्ट्या जाऊन चित्र उभं ताणलं जातं.

हॉस्टेलवर नेहमी येणाऱ्या आणखी तीन अडचणी :

१) 'आउट ऑफ रेंज' येऊन स्क्रीन काळी होते : मॉनिटर बिघडलेला नसतो. गेम त्याला झेपणार नाही असं रिझोल्यूशन किंवा रिफ्रेश रेट मागत असतो. आल्ट-एंटर दाबून गेम खिडकीत चालतो का बघा आणि सेटिंग कमी करा.

२) चित्र एका बाजूला सरकतं : जुनी व्हीजीए केबल असेल तर मॉनिटरवरचं 'ऑटो' बटण दाबा.

३) टीव्हीला जोडल्यावर कडा कापल्या जातात : हा ओव्हरस्कॅन. टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये तो बंद करता येतो.

सेकंडहँड मॉनिटर घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. इंच हे कर्णाचं माप असतं. १९ इंची ४:३ स्क्रीनपेक्षा १९ इंची १६:९ स्क्रीनचं क्षेत्रफळ सुमारे ११ टक्क्यांनी कमी भरतं. प्रोग्रॅम लिहायला आणि पीडीएफ वाचायला माझा चौकोनी मॉनिटर आजही झकास आहे.

पुढच्या शनिवारी मी त्याच चार मित्रांना मुद्दाम बोलावलं. दोन्ही स्क्रीन शेजारी ठेवून त्यांना दार दाखवलं आणि त्यांच्यासमोरच पार्टनरला सॉरी म्हणालो. तो हसला आणि म्हणाला, "चल, बस खेळायला." त्या रात्री १२८० बाय ७२० वर मी पाचपैकी दोन डाव जिंकलो. उरलेले तीन त्याने जिंकले, कारण तो माझ्यापेक्षा चांगला खेळतो. नंतर आम्ही मेसला बरोबर गेलो.

तेव्हा मित्रांनो, पुढच्या वेळी कोणाला चीटर म्हणायच्या आधी पट्टी घ्या आणि स्क्रीन मोजा.