एचआयव्हीसह जगणाऱ्यांसाठी काविळीची लस

पावसाळ्यात वेदगंगा आणि दूधगंगा दुथडी भरून वाहू लागल्या की निपाणी परिसरात पिण्याचे पाणी गढूळ होते. अतिसाराप्रमाणेच काविळीचाही हाच काळ. घरात कोणाचे डोळे पिवळे दिसू लागले की अद्यापही पुष्कळ कुटुंबे प्रथम कावीळ उतरविणाऱ्याकडे धाव घेतात. चुन्याच्या पाण्यात हात धुतले की पाणी पिवळे होते आणि रोग बाहेर पडल्याचे समाधान मिळते. यकृतातील विषाणूला त्याचा पत्ताही नसतो.

अ प्रकारच्या काविळीचा विषाणू रुग्णाच्या विष्ठेतून पाण्यात व अन्नात मिसळतो आणि शरीरात शिरल्यापासून १५ ते ५० दिवसांनी लक्षणे दिसतात. लहान मुलांना हा आजार अनेकदा कळतही नाही. प्रौढांना मात्र तो कित्येक आठवडे अंथरुणावर खिळवतो. एचआयव्हीबाधित व्यक्तीच्या शरीरात हा विषाणू अधिक काळ टिकू शकतो. शिवाय एचआयव्हीवरील काही औषधांचा भार यकृतावरच असल्याने काविळीत ती बदलण्याची वा काही काळ थांबविण्याची वेळ येऊ शकते. तो निर्णय डॉक्टरांचाच. रुग्णाने स्वतः गोळ्या बंद करणे किंवा त्यांच्या जोडीला झाडपाल्याचा काढा घेणे घातक होय.

या काविळीवर लस आहे. आपल्या देशात तिचे दोन प्रकार मिळतात आणि येथेच खरी सावधगिरी हवी. एक लस निष्क्रिय केलेल्या विषाणूपासून बनते. दुसरीत दुर्बल केलेला, परंतु जिवंत विषाणू असतो व तिची एकच मात्रा पुरते. एचआयव्हीसह जगणाऱ्यांनी जिवंत विषाणूची लस घेऊ नये. त्यांना निष्क्रिय लसच द्यावयाची असते. गावातील दवाखान्यात आपला आजार लपवून नुसती 'काविळीची लस' मागणाऱ्यास नको ती लस टोचली जाण्याचा धोका असतो. लपविण्यामागील भीती समजण्यासारखी आहे. तथापि २०१७ चा एचआयव्ही व एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू असून उपचारात भेदभाव करण्यास आणि रुग्णाची माहिती संमतीवाचून उघड करण्यास त्याने मनाई केली आहे.

लस सर्वांनाच लागते असेही नव्हे. पूर्वी आपल्याकडे बहुतेकांना बालपणीच हा संसर्ग होऊन गेलेला असे. म्हणून प्रौढांनी प्रथम रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी करून घ्यावी. ती आढळल्यास लसीचा खर्च वाचतो. निपाणीपासून जवळच असलेल्या कोल्हापुरात १९८१ साली पाण्यातून काविळीची मोठी साथ आली. ती अ प्रकारची नव्हती. २०१२ मधील इचलकरंजीची साथ ई प्रकारची होती. अ ची लस ई पासून संरक्षण देत नाही, त्यामुळे लस घेतली तरी पाणी उकळूनच प्यावे.

निष्क्रिय लसीच्या दोन मात्रांत किमान सहा महिन्यांचे अंतर असते. सीडी-४ पेशी २०० हून कमी असल्यास लसीचा परिणाम कमी होतो. म्हणून दुसऱ्या मात्रेनंतर एक-दोन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासणे इष्ट. राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात ही लस नाही. याकरिता आपण नोंदविलेल्या एआरटी केंद्रातील डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. ऊसतोडीसाठी किंवा मजुरीसाठी परगावी जाणाऱ्यांची दुसरी मात्रा हमखास चुकते. पहिल्या मात्रेची तारीख व लसीचे नाव कार्डावर लिहून घ्यावे. उशीर झाला तरी पुन्हा आरंभापासून सुरुवात करावी लागत नाही. राहिलेली मात्रा तेवढी घ्यावी.