२४० मिनिटांची वाटणी

नागपूर

चि. निखिल यास,


तुझं पत्र मिळालं. सहायक प्रशिक्षक झालास, आणि त्यातही खेळाडूंच्या मिनिटांचा तक्ता तुझ्याकडे दिला. म्हणजे हरलेल्या रात्री ज्याच्याकडे सगळे रागाने बघतात तो माणूस आता तू. दादाला वाटतंय पोरगं तिकडे मजेत आहे. वाटू दे.

आधी हिशोब. एनबीएचा बास्केटबॉल सामना ४८ मिनिटांचा, मैदानावर पाच जण, म्हणजे २४०. जादा वेळ खेळायची पाळी आली तरच त्यात भर, एरवी एक मिनिटही वाढणार नाही. पहिल्या पाचांना ३४-३४ दिलीस की १७० गेली. पुढच्या तिघांना वीस-वीस दिलीस की उरली दहा, आणि करार तर पंधरा जणांशी असतात. राहिलेल्या सात जणांनी त्या दहा मिनिटांत काय करायचं? एकाला वाढलेलं मिनिट दुसऱ्याच्या ताटातून उचललेलं असतं, आणि ते उचलताना त्याचा पुढचा करारही हलतो. २०२३-२४ पासून एनबीएत मोठ्या वैयक्तिक पुरस्कारांसाठी किमान ६५ सामन्यांची अट आली आहे. त्यामुळे एखाद्याला एक दिवस विश्रांती देणंसुद्धा आता साधं राहिलेलं नाही. तुझ्याकडे खेळाडू आपली मिनिटं मोजत येतील तेव्हा त्यांना स्वार्थी म्हणू नकोस. त्यांचं पोट त्यावर आहे.

प्रशिक्षक ग्रेग पोपोविच यांचं २०१२ मधलं प्रकरण तुला ठाऊक आहेच. सॅन अँटोनियो स्पर्सचा लांबलचक दौरा, शेवटचा सामना मायामीत. डंकन, पार्कर, जिनोबिली आणि डॅनी ग्रीन यांना त्यांनी सामन्याआधीच विमानात बसवून घरी पाठवलं. लीगने अडीच लाख डॉलर दंड ठोकला. (तिकीट काढून डंकनला बघायला आलेल्या माणसाचा रागही मला पटतो. तो मुद्दा खोटा नाही.) लोक तो दंड आठवतात, पण मी निकाल बघते : मायामी १०५, स्पर्स १००. गतविजेत्या मायामीला उरलेल्या मंडळींनी त्यांच्याच मैदानावर शेवटपर्यंत झुंजवलं.

पुढे २०१३-१४ मध्ये याच संघाने नियमित हंगामात ६२ सामने जिंकले आणि एकाही खेळाडूची सरासरी ३० मिनिटांवर गेली नाही. फायनलमध्ये पुन्हा मायामी समोर. तिसऱ्या सामन्यापासून स्प्लिटरला बसवून बोरिस दियॉला सुरुवातीला उतरवलं, आणि पाचव्या, म्हणजे शेवटच्या सामन्यात पॅटी मिल्सने बाकावरून येऊन १७ गुण केले. मालिका ४-१. याचा अर्थ ‘विश्रांती दिली म्हणून जिंकले’ असा सरळ लावू नकोस. ते पाय ताजे होते हे खरंच, पण त्याहून मोठी गोष्ट अशी की दियॉ आणि मिल्स यांना जूनमध्ये काहीच नवं करायचं नव्हतं. अटीतटीची मिनिटं त्यांनी हंगामभर खेळलेली होती.

याच्या उलट न्यूयॉर्क निक्सचं बघ. २०२५ पर्यंत तिथे असलेले टॉम थिबोडो हे मला आवडणारे प्रशिक्षक. बचाव शिकावा तर त्यांच्याकडून. पण पहिल्या पाचांवर त्यांचा भार फार असे. मार्च २०२५ मध्ये मिकल ब्रिजेस ते उघडपणे बोललाही. मग पूर्व विभागाच्या अंतिम फेरीत इंडियानासमोर अडचण आली, तेव्हा सुरुवातीचा संच बदलावा लागला आणि शमेट, राइट अशा हंगामात मागे राहिलेल्यांना मैदानात उतरवावं लागलं. त्यांनी निभावलं, तो सामनाही संघाने जिंकला. मालिका मात्र गेली. त्यांना आधीपासून खेळवलं असतं तर निकाल बदलला असता असं मी म्हणणार नाही, पण आपल्याजवळ कोण कोण आहे हे प्रशिक्षकाला मे महिन्यात कळावं, हे बरं नाही.

आता तुझ्या खऱ्या कामाकडे येते. तक्ता मांडणं हे अर्धंच काम, आणि ते सोपं अर्धं. चेंडू चालवणारे दोघे एकाच वेळी बाहेर काढायचे नाहीत, फाउल वाढलेल्या उंच खेळाडूसाठी दुसरा तयार ठेवायचा, हे तुला संगणक सांगेल. नववा माणूस दोन तास बसून थंड अंगाने उठतो, त्याला पहिल्या मिनिटात एकच सोपं काम सांगायचं, हे संगणक सांगत नाही. न खेळलेल्यांसाठी सरावानंतर सामने लावतात त्यात तू स्वतः उतर. गुडघे दुखले तरी उतर.

दुसरं अर्धं म्हणजे सांगणं. २०१४ मध्ये स्टीव्ह कर गोल्डन स्टेटचे प्रशिक्षक झाले, तेव्हा आंद्रे इग्वोडालाने तोवर खेळलेले ७५८ च्या ७५८ सामने सुरुवातीपासून खेळले होते. अशा माणसाला ‘तू बाकावर बस, हॅरिसन बार्न्सला वाढू दे’ असं सांगायचं! कर यांनी ते हंगामाआधी सांगितलं, कारणासकट. त्यांना ते सांगण्याचा अधिकार होता असं मला वाटतं, कारण खेळाडू म्हणून ते स्वतः बाकावरचेच. २००३ मध्ये स्पर्सकडून फारसे न खेळता बसून होते आणि डॅलसविरुद्धच्या मालिकेतल्या सहाव्या सामन्यात अचानक येऊन चार थ्री टाकून गेले. गोल्डन स्टेटच्याच डेव्हिड ली याचं दुःख तर आणखी मोठं होतं. ऑलस्टार राहिलेला माणूस, दुखापतीने जागा गेली आणि ती ड्रेमंड ग्रीनने परत दिलीच नाही. तरी २०१५ च्या फायनलमध्ये तिसऱ्या सामन्यात बोलावणं आलं तेव्हा ली ११ गुण घेऊन तयार होता. पुढच्या सामन्यात बोगटच्या जागी इग्वोडाला सुरुवातीला आला. १-२ ने मागे असलेला संघ ४-२ ने जिंकला आणि फायनलचा सर्वोत्तम खेळाडू इग्वोडाला ठरला. ही जागा-बदलाची कल्पना कुणाची होती, माहीत आहे? निक युरेन नावाच्या तरुण सहायकाची. तो रात्री बसून आदल्या वर्षीच्या फायनलची चित्रफीत बघत होता, दियॉवाली. म्हणजे तुझ्यासारखाच एक जण.

म्हणून तुला एवढंच बजावते. कुणाचीही मिनिटं कमी होणार असतील तर ते त्याला तक्त्यावरून कळता कामा नये. आधी मुख्य प्रशिक्षकांना विचार, आणि ते स्वतः सांगणार नसतील तर तू सांग. समोर बसून, दिवसा, सामन्याच्या रात्री नव्हे. खोटी आशा दाखवू नकोस. ‘तुझी वेळ येईल’ हे वाक्य तर तोंडातून काढूच नकोस, कारण ती येईल की नाही हे तुला माहीत नसतं. त्याऐवजी काय केलं तर वेळ येऊ शकेल ते सांग : कोपऱ्यातली थ्री, बचावात उशिरा फिरणं, जे असेल ते.

तू विचारलंस त्या दोन गार्डांबद्दल. मी इथे सकाळी चहा घेता घेता तुमचे तीनच सामने पाहिलेत, तेव्हा माझं मत त्या मापानेच घे. मोठा जास्त गुण करतो, पण तो आला की बाकीचे चौघे उभे राहतात. धाकट्याला दुसऱ्या क्वार्टरची पहिली सहा मिनिटं सलग दहा सामने दे, मध्ये चुकला तरी काढू नकोस. मोठ्याला ते आजच सांग. तो चिडेल. तासाभराने पुन्हा जाऊन बस त्याच्याजवळ.

तुझी,
आत्या

ता. क. वहिनीने मेथीचे लाडू पाठवलेत. संघात वाटू नकोस, आहारतज्ज्ञ ओरडेल.