गर्भारपणातील रक्तदाब : रक्तचाचणीच्या आकड्यांचे वाचन

गर्भारपणाच्या विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० वा त्याहून अधिक होणे आणि त्यासोबत लघवीतून प्रथिने जाणे किंवा यकृत, मूत्रपिंड, मेंदू आदी इंद्रियांवर परिणाम दिसणे, या विकारास प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात. दाब १६०/११० वर पोहोचल्यास तो तीव्र मानला जातो. झटके, मेंदूतील रक्तस्राव, वार अकाली सुटणे हे त्याचे गंभीर परिणाम होत. प्रसूती हाच त्यावरील निर्णायक उपाय असल्याने, ती केव्हा करावयाची हे माता व बालक या दोघांचेही हित तोलून ठरवावे लागते.

अडचण अशी की, दाब किंचित वाढलेल्या अनेक मातांना पुढे काहीही होत नाही, तर काहींची प्रकृती थोड्याच दिवसांत ढासळते. कोणास दाखल करून घ्यावे व कोणास घरी पाठवावे, या निर्णयास रक्तचाचणीचे साहाय्य होऊ शकते.

वारेतून रक्तात येणारे पीएलजीएफ हे प्रथिन रक्तवाहिन्यांस पोषक असते. एसएफएलटी-१ हे दुसरे प्रथिन त्यास बांधून निष्प्रभ करते. या विकारात दुसरे वाढते व पहिले घटते. आणि हा बदल लक्षणांच्या काही आठवडे आधीच सुरू होऊ शकतो. २००३ साली बोस्टन येथील डॉ. अनंत करुमंची व सहकाऱ्यांच्या संशोधनाने या संबंधावर प्रकाश टाकला.

या दोहोंचे गुणोत्तर कसे वाचावे, हे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्रोग्नोसिस’ अभ्यासाने दाखविले. विकाराची शंका असलेल्या मातांमध्ये गुणोत्तर ३८ वा त्याहून कमी असता, पुढील एका आठवड्यात विकार न उद्भवण्याची खात्री ९९.३ टक्के आढळली. मात्र ते ३८ हून अधिक असता, चार आठवड्यांत विकार प्रत्यक्ष उद्भवण्याचे प्रमाण ३६.७ टक्केच होते. आम्ही वाणिज्य शाखेचे. ताळेबंद ज्या तारखेचा, त्या तारखेपुरताच तो खरा, हे आम्हांस ठाऊक आहे. येथेही तसेच आहे. कमी गुणोत्तर म्हणजे आठवड्याचा दिलासा, संपूर्ण गर्भारपणाची हमी नव्हे. आणि अधिक गुणोत्तर म्हणजे दक्षतेची सूचना, प्रसूतीचा आदेश नव्हे.

पहिल्या तिमाहीत पीएलजीएफ, रक्तदाब व गर्भाशयाच्या रक्तवाहिन्यांची डॉप्लर तपासणी यांवरून जोखीम ओळखता येते. ‘अस्प्रे’ अभ्यासात (२०१७) अशा जोखमीच्या मातांना रोज १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिले असता, ३७ आठवड्यांपूर्वी होणाऱ्या विकाराचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आले. हे औषध अर्थातच वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यावयाचे आहे.

देणगीदारांचा पैसा विश्वासाने सोपविलेला असतो. म्हणून खर्चाचा क्रमही विचारपूर्वक लावावयास हवा. प्रत्येक भेटीत रक्तदाब व लघवीची तपासणी, झटके रोखणारे मॅग्नेशियम सल्फेट आणि वेळेवर मिळणारे वाहन यांस अग्रक्रम हवा. त्यानंतर, शंका असलेल्या मातांसाठी ही रक्तचाचणी उपयुक्त ठरेल. सरसकट सर्वांची ही चाचणी करण्यात आम्हांस औचित्य दिसत नाही.

तीव्र डोकेदुखी, दृष्टी अंधुक होणे, पोटाच्या वरच्या भागात वेदना वा चेहऱ्यावर अचानक सूज आल्यास, चाचणीचा अहवाल कसाही असो, गर्भवतीस विनाविलंब रुग्णालयात आणावे, ही सर्व कुटुंबीयांस आमची आग्रहाची विनंती आहे.