पत्र आजीपर्यंत कसं पोहोचतं?

वाचण्याआधी
तुमच्या घराचा पोस्टल कोड पाठ आहे का? एकेक आकडा सुटा करून मराठीत मोठ्याने म्हणा.

वाचा
समजा, तुम्ही र्युसेल्सहाइममध्ये राहता आणि तुमची आजी पुण्यात, सदाशिव पेठेत. आजी पाकिटावर लिहिते ६५४२८. तुम्ही उत्तर पाठवताना लिहिता ४११०३०. हा आजीचा पिनकोड.

भारतात पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. ही कल्पना श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. ते टपाल खात्यात मोठे अधिकारी होते आणि संस्कृतमध्ये कविताही लिहीत. तेव्हा अडचण अशी होती, की एकाच नावाची अनेक गावं होती आणि पत्ते वेगवेगळ्या लिपींत लिहिलेले असत. वडगाव म्हटलं, तर कोणतं वडगाव? पत्र भलतीकडेच जायचं!

पिनकोडमुळे पत्रांची वाटणी सोपी झाली. पहिला आकडा देशाचा मोठा विभाग सांगतो. ४११ म्हणजे पुणे. शेवटचे तीन आकडे पोस्ट ऑफिस सांगतात.

आता हिशेब करू. हजार पत्रं पिनकोडच्या क्रमाने लावायची आहेत. प्रत्येक पत्र बाकीच्या प्रत्येक पत्राशी ताडून पाहिलं, तर ४,९९,५०० तुलना होतात. त्यापेक्षा एका वेळी एकच आकडा बघा आणि दहा ढीग करा. आकडे सहा, म्हणून फेऱ्या सहा. प्रत्येक पत्र सहाच वेळा हातात येईल, म्हणजे एकूण ६,००० वेळा. कॉम्प्युटरही ही युक्ती वापरतो. तिचं नाव ‘रेडिक्स सॉर्ट’.

करून पाहा
सहा चिठ्ठ्या करा: ४२, १७, ४५, ११, ४७, १२. मोठ्या कागदावर ० ते ९ अशी दहा घरं आखा.

पहिली फेरी: फक्त एकक बघा. चिठ्ठी त्या आकड्याच्या घरात ठेवा. मग ० च्या घरापासून क्रमाने उचला: ११, ४२, १२, ४५, १७, ४७.

दुसरी फेरी: आता फक्त दशक बघा. पुन्हा ठेवा, पुन्हा उचला: ११, १२, १७, ४२, ४५, ४७. झालं!

नियम एकच: प्रत्येक घरात चिठ्ठ्यांची रांग हवी. जी आधी आली, ती आधी बाहेर, बेकरीतल्या रांगेसारखी. घरांऐवजी वाट्या घेऊ नका, वाटीत चिठ्ठ्या मिसळतात. दुसऱ्या फेरीत ११ आणि १२ एकाच घरात येतात. त्यांच्यात आधी कोण, हे पहिल्या फेरीनेच ठरवलेलं असतं. रांग मोडली, की ती मेहनत वाया!

टपालवाले मात्र डावीकडून सुरुवात करतात. पुण्याची पत्रं एकदा पुण्याच्या गाडीत गेली, की दिल्लीच्या पत्रांशी त्यांचा संबंध संपतो.

नवे शब्द
ताडून पाहणे – दोन गोष्टींची तुलना करणे
भलतीकडे – चुकीच्या ठिकाणी
एकक, दशक – ४२ मध्ये २ एकक, ४ दशक
वाया जाणे – उपयोग न होणे

सांगा पाहू
१. पत्र भलतीकडे का जायचं?
२. घरात रांग का हवी? दुसऱ्या फेरीत मुद्दाम मोडून बघा. काय झालं?
३. हे कोड पाच फेऱ्यांत लावा: र्युसेल्सहाइम ६५४२८, फ्रँकफर्ट ६०३११, माइन्झ ५५११६, डार्मश्टाट ६४२८३, वीसबाडेन ६५१८३.
४. आजीला दोन ओळींचं पत्र लिहा. पिनकोड विसरू नका!