रुग्णछायाचित्र : संस्कार की भेसळ?

प्रस्तावना

दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न ही रुग्णपरीक्षेची तीन साधने आपणा सर्वांस विद्यार्थिदशेपासून परिचित आहेत. अलीकडच्या काळात यांपैकी दर्शनाला एक मध्यस्थ मिळाला आहे, तो म्हणजे मोबाइलमधील कॅमेरा. त्वग्विकार, व्रण, शोथ, जिव्हा, नेत्र यांची छायाचित्रे आज खेड्यापाड्यांतील वैद्यही घेतात. फार्मसीचे मालक वनस्पतींची, चूर्णांची व भस्मांची छायाचित्रे पाहून माल ठरवितात.

छायाचित्रकारांमध्ये एक वाद फार जुना आहे. टिपलेल्या चित्रावर नंतर हात फिरवावा, की जसे उतरले तसेच ते ठेवावे? हा वाद आता आपल्या चिकित्सालयाच्या उंबरठ्यावर आला आहे. येथे त्याचा संबंध सौंदर्याशी नसून निदानाशी व रुग्णाच्या विश्वासाशी आहे. म्हणून त्याचा थोडा विस्ताराने विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

एक अनुभव

आपल्या बीड जिल्ह्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. त्यामुळे आपल्याकडील जीर्ण व्याधीचा रुग्ण नेमका उपचाराच्या मध्यावर पाच-सहा महिने दृष्टीआड होतो. अशाच एका रुग्णेस मानेवर व जबड्याच्या कडेला विचर्चिका होती. टोळीसोबत जाताना तिला औषध बांधून दिले आणि महिन्याकाठी छायाचित्र पाठविण्यास सांगितले.

तिने कोपीतून, मुलाच्या मोबाइलवर, स्वतःचे छायाचित्र काढून नियमाने पाठविले. प्रत्येक चित्रात त्वचा अधिकाधिक नितळ दिसत होती. आम्ही संतोष मानला व तेच औषध पुढे चालू ठेवले. चैत्रात ती समोर येऊन बसली तेव्हा त्वचा जाड झालेली, भेगा पडलेल्या, स्राव चालू. कंडू इतका की रात्रीची झोप गेलेली. हे कळविले का नाही, असे विचारता ती म्हणाली, ‘‘फोटू धाडला व्हता की डॉक्टरसाहेब, तुमाला दिसलंच असंल.’’

मोबाइल पाहिला. समोरच्या कॅमेऱ्यात त्वचा गुळगुळीत करण्याची सोय पहिल्यापासूनच चालू होती. तिने काही लपविले नव्हते. चित्रात ‘सुधारणा’ होते हे तिला ठाऊकही नव्हते. दोष यंत्राचा म्हणून सुटका करून घेता आली असती, पण तो आमचा होता. आम्ही दर्शनावर थांबलो. खाज आहे काय, स्राव आहे काय, हे दोन प्रश्न फोनवर विचारले नाहीत. तिचे पाच महिने त्यात गेले.

वादाचा पूर्वेतिहास

छायाचित्रणाचा आणि वैद्यकाचा संबंध महाराष्ट्रात नवा नाही. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तिच्या आरंभीच्या एतद्देशीय सभासदांत डॉ. नारायण दाजी हे होते. ते स्वतः वैद्यकीय व्यावसायिक होते आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू. भाऊ दाजींनी कुष्ठरोगावर (महारोगावर) तुवरकाच्या जातीच्या बीजतेलाचे प्रयोग केले, हे आपल्यापैकी अनेकांस ज्ञात असेल. तुवरकाचे वर्णन सुश्रुताच्या चिकित्सास्थानात आहे.

चित्रावर हात फिरविण्याची कलाही तितकीच जुनी आहे. काचेच्या निगेटिव्हवर पेन्सिलीने सुरकुत्या व वांग झाकणे, छापलेल्या चित्रात हाताने रंग भरणे, हा स्टुडिओंचा नित्य व्यवहार होता. लग्नाच्या फोटोत त्याने कुणाचे नुकसान होत नाही. जेथे चित्र पुरावा म्हणून वापरले जाते तेथे मात्र जगभर नियम कडक होत गेले. २००६ साली बैरूतच्या एका चित्रात धूर वाढविल्याचे उघड होताच रॉयटर्स या वृत्तसंस्थेने त्या छायाचित्रकाराशी संबंध तोडला. २०१५ च्या ‘वर्ल्ड प्रेस फोटो’ स्पर्धेत उपान्त्य फेरीपर्यंत पोहोचलेल्या चित्रांपैकी सुमारे २० टक्के चित्रे फेरफारामुळे बाद झाली. ‘जर्नल ऑफ सेल बायॉलॉजी’ या नियतकालिकाने २००२ पासून स्वीकृत लेखांतील चित्रांची तपासणी सुरू केली. त्याचा दंडक सोपा आहे : उजेड कमीअधिक करावयाचा तर संपूर्ण चित्राचा करावा, चित्रातील एखादाच भाग उठावदार करणे, झाकणे, हलविणे वा काढून टाकणे वर्ज्य.

‘जसेच्या तसे’ चित्र असते काय?

येथे काही वैद्यमित्र म्हणतील की, मग चित्राला हातच लावू नये. हे मत प्रामाणिक आहे, परंतु पुरेसे नाही. हात न लावलेले चित्र हे संस्काररहित असते, हा समज चुकीचा आहे. कॅमेरा स्वतःच प्रकाश मोजतो, पांढरा रंग कोणता हे ठरवितो, सावल्या उजळतो, खरखर पुसतो, आणि मगच चित्र आपल्या हाती देतो. पिवळ्या बल्बखाली निरोगी माणसाचे नेत्रही हारिद्र दिसून कामलेचा भास होतो. ट्यूबलाइटखाली त्वचेवर हिरवट छटा येते. व्हॉट्सअ‍ॅपवरून येताना चित्र आकुंचित होते व बारीक पिटिका पुसल्या जातात. वरील रुग्णेच्या चित्राला कोणीही हात लावला नव्हता, तरी ते असत्य होते.

म्हणून ‘संपादन करावे की नाही’ हा प्रश्नच आपणांस वेगळ्या रीतीने मांडला पाहिजे, आणि त्याचे उत्तर आपल्या शास्त्रातच आहे. चरकाचार्यांनी विमानस्थानात करण म्हणजे संस्कार याचा विचार करताना, संस्काराने द्रव्यात गुणांतर होते असे म्हटले आहे. भल्लातक आपण विटेच्या चूर्णात शुद्ध करतो, वत्सनाभ गोमूत्रात. हे शोधन होय. त्याची कृती ग्रंथात लिहिलेली आहे, ती कोणीही पडताळून पाहू शकतो, आणि शुद्ध द्रव्य शुद्ध म्हणूनच दिले जाते. मिऱ्यात पपईच्या बिया मिसळणे हीदेखील एक क्रियाच. पण ती लपविली जाते व नाव मिऱ्याचेच राहते. छायाचित्राचेही तसेच आहे. जी क्रिया व्याधीचे खरे लक्षण अधिक स्पष्ट करते व उघड सांगता येते, ती शोधन. जी लक्षण बदलते व सांगण्याची लाज वाटते, ती भेसळ.

वर्ण हेच जेथे लक्षण आहे

आयुर्वेदात वर्णाचे महत्त्व विशेष आहे. कुष्ठाच्या अठरा प्रकारांपैकी सात महाकुष्ठे पाहा. कापाल कृष्णारुण, औदुंबर पिकलेल्या उंबरासारखे, पुंडरीक कडेला रक्तवर्ण व मध्ये श्वेत, सिध्म श्वेत-ताम्र व दुध्या भोपळ्याच्या फुलासारखे, काकणक गुंजेच्या रंगाचे. श्वित्रात रक्त, ताम्र व श्वेत या वर्णांवरून दोष रक्त, मांस की मेद या धातूत आश्रित आहे हे ठरते आणि साध्यासाध्यतेचा विचार होतो. चित्रातील लाली थोडी उतरविली की श्वित्राचा आश्रयच बदलतो. छायाचित्रकाराच्या दृष्टीने ती रंगदुरुस्ती असते. आपल्या दृष्टीने ते चुकीचे निदान ठरते.

औषधी व्यावसायिकांसाठीही हाच मुद्दा आहे. गुळवेलीच्या जागी तिच्याच कुळातील टिनोस्पोरा क्रिस्पा ही वेल येऊ शकते, अशी सूचना आयुष मंत्रालयाने २०२२ साली दिली होती. क्रिस्पाच्या खोडावर ठळक गाठी असतात व त्यातून दुधी चीक येतो. गुळवेलीस तसा चीक नसतो. आता विक्रेत्याने मोबाइलवर चित्र ‘स्वच्छ’ करून पाठविले तर प्रथम नाहीशा होतात त्या गाठीच. चित्रावरून माल ठरवू नये. नमुना हाती घ्यावा, खोड मोडून पाहावे, हे सांगणे अगत्याचे वाटते.

जाहिरातीतील ‘आधी’ आणि ‘नंतर’

‘आधी’चे चित्र काळोखात, बाजूने, तेल न लावता, ‘नंतर’चे उजेडात, समोरून, हसतमुख. येथे संगणकाला हात न लावताही असत्य तयार होते. ऊसतोडणीहून परतलेल्या रुग्णाची त्वचा उन्हाने काळवंडलेली असते. तिची पावसाळ्यातील चित्राशी तुलना केली तर औषधाचा अपयश वा यश यांपैकी काहीही सिद्ध करता येईल.

औषधी व चमत्कारी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ हा येथे लक्षात ठेवावा. त्यातील जाहिरातीची व्याख्या व्यापक आहे. सूचना, पत्रक, लेबल, वेष्टन तर त्यात येतेच, प्रकाश व ध्वनी यांच्याद्वारे केलेली घोषणाही येते. कलम ४ नुसार औषधाच्या खऱ्या स्वरूपाविषयी खोटी समजूत करून देणारी जाहिरात निषिद्ध आहे, आणि अनुसूचीतील रोगांत श्वित्राचा समावेश आहे. म्हणजे श्वित्राच्या ‘आधी-नंतर’ चित्रांचा फ्लेक्स लावणे हे चित्र खरे असले तरी धोक्याचे आहे. कायद्याहूनही मोठी बाब अशी की, तो फ्लेक्स पाहून दुसऱ्या तालुक्यातून एखादी मुलगी आईवडिलांसह येते, आणि तिचे लग्न त्या चित्रावर अडलेले असते.

व्यवहार्य पद्धती

आमच्या चिकित्सालयात आता पुढील नियम पाळले जातात. त्यांस खर्च जवळपास नाही.

१) रुग्णाची लेखी संमती, त्याच्या भाषेत वाचून दाखवून. उपचारासाठी संमती व प्रसिद्धीसाठी संमती या दोन वेगळ्या घ्याव्यात.

२) एकच जागा, एकच वेळ. उत्तरेकडील खिडकीचा उजेड, सकाळी दहा ते अकरा, फ्लॅश बंद, मागे राखाडी कापड.

३) सौंदर्यवर्धक, त्वचा नितळ करणाऱ्या व आपोआप सुधारणा करणाऱ्या सर्व सोयी बंद. रुग्ण परगावी जाणार असेल तर त्याच्या मोबाइलवर त्या आपण स्वतः बंद करून द्याव्यात आणि मागच्या कॅमेऱ्याने दुसऱ्याकडून चित्र काढण्यास सांगावे.

४) विकृतीशेजारी मोजपट्टी, राखाडी कार्ड व दिनांकाची चिठ्ठी. तीन चित्रे : दुरून, मध्यम, जवळून.

५) मूळ फाइल कधीही बदलू नये. सुधारणा करावयाची ती प्रतीवर.

६) ग्राह्य सुधारणा : कडा कापणे, चित्र सरळ करणे, राखाडी कार्डाच्या आधारे रंगसमतोल, संपूर्ण चित्राचा उजेड. ‘आधी’स जे केले ते आणि तेवढेच ‘नंतर’स. केलेली सुधारणा केसपेपरवर नोंदवावी.

७) अग्राह्य : डाग पुसणे, त्वचा नितळ करणे, एका भागाचा रंग बदलणे, कृत्रिम बुद्धिमत्तेने चित्र ‘स्पष्ट’ करून घेणे. ती नसलेला तपशील रचून भरते.

८) ओळख झाकण्यासाठी डोळ्यांवरील काळी पट्टी पुरत नाही, गोंदण, दागिने, पार्श्वभूमी यांवरून खेड्यात माणूस लगेच ओळखला जातो. शक्य तेथे विकृतीचाच भाग ठेवावा.

९) दूरस्थ रुग्णाचे चित्र आल्यावर प्रश्नपरीक्षा केल्याशिवाय औषध पुढे चालू ठेवू नये. चित्रात व रुग्णाच्या सांगण्यात विसंगती दिसल्यास रुग्णाचे म्हणणे प्रमाण मानावे.

उपसंहार

छायाचित्राला हात लावावा की लावू नये, याचे उत्तर हात लावण्यात नाही, तर केलेली क्रिया उघड सांगता येते की नाही यात आहे. स्टुडिओतील छायाचित्रकारास आपण आपला नियम लावू नये. त्याचे ग्राहक वेगळे, त्याचे प्रयोजन वेगळे. आपल्याकडे येणारा रुग्ण मात्र चित्र पाठवून निश्चिंत होतो, कारण वैद्याला दिसलेच असेल असे तो धरून चालतो.

आमची ती रुग्णा पुढील हंगामातही टोळीबरोबर गेली. जाताना तिच्या मुलाच्या मोबाइलवरील ती सोय आम्ही बंद करून दिली. तिकडून आलेली चित्रे पूर्वीपेक्षा ओबडधोबड होती. खपल्या, ओरखडे, उसाच्या पात्याचे व्रण, सर्व काही त्यांत होते. मार्गशीर्षात एका चित्रात कडेला नवी लाली दिसली. त्याच संध्याकाळी आम्ही फोन केला, स्राव सुरू झाल्याचे कळले, आणि औषध वेळेवर बदलता आले.

वैद्यबांधवांनी व औषधी व्यावसायिकांनी आपल्या संग्रहातील चित्रे या दृष्टीने एकदा तपासून पाहावीत, ही विनंती.