विषयाची निवड आणि शाळेची जबाबदारी

दहावीचा निकाल लागला की कोणती शाखा घ्यावी, हा प्रश्न उभा राहतो आणि त्याचे उत्तर आपण गुणपत्रिकेत शोधतो. वास्तविक ते उत्तर आठवीपासून वर्गातच घडत असते. कोणत्या तासाला सन्मान मिळाला आणि कोणत्या तासाला अवहेलना, यावर पुष्कळशी आवडनिवड ठरते. या दृष्टीने परमपूज्य बाबासाहेबांचे विद्यार्थिजीवन अभ्यासण्याजोगे आहे.

मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये भीमरावांना संस्कृत शिकावयाचे होते. अस्पृश्य म्हणून ते नाकारण्यात आले व फारसी घ्यावी लागली. फळ्यावर गणित सोडविण्यास बोलावले असता, फळ्यामागील डबे बाटतील म्हणून सवर्ण मुलांनी ते घाईघाईने उचलले. याच काळात कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींसारखा मार्गदर्शकही त्यांना लाभला. १९०७ च्या मॅट्रिकच्या यशानंतर झालेल्या सत्कारात गुरुजींनी स्वलिखित बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. पुढे सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकून शिक्षणाचा मार्ग सुकर केला.

१९१५ साली कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब एम.ए. झाले. मुख्य विषय अर्थशास्त्र; जोडीला समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान व मानववंशशास्त्र. नाकारलेली संस्कृत भाषा त्यांनी पुढे स्वप्रयत्नाने आत्मसात केली आणि १९४६ च्या ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ या ग्रंथात वैदिक वाङ्मयाचीच चिकित्सा केली.

आज कायद्याने कोणताही विषय कोणास नाकारता येत नाही. परंतु प्रयोगशाळेला कुलूप असेल, गणिताच्या शिक्षकाची जागा रिक्त असेल किंवा ‘तुला हे झेपणार नाही’ असे ऐकविले जात असेल, तर दार बंदच राहते. मग विद्यार्थी म्हणतो, ‘मला विज्ञान आवडत नाही.’ ती त्याची नावड नसते. त्याला मिळालेल्या वागणुकीचा तो परिणाम असतो. उलट, गुण कमी म्हणून कला शाखा, हा समजही तितकाच घातक आहे. ज्या सामाजिक शास्त्रांच्या बळावर बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेची मीमांसा केली, ती शास्त्रे दुय्यम कशी?

विद्यार्थ्यांनो, कोणी सांगितले म्हणून स्वीकारू नका, स्वतः पारखून घ्या, ही तथागतांची कालामांना दिलेली शिकवण येथेही लागू पडते. एखादा विषय नको वाटला तर आधी स्वतःला विचारा : हा विषय मला खरोखर शिकविला गेला होता काय? आणि आम्ही शिक्षकांनी प्रत्येक निकालानंतर हाच प्रश्न स्वतःला विचारला पाहिजे.