बटण दाबताच दिवा कसा लागतो?

प्रश्न : तारेत इलेक्ट्रॉन फार हळू सरकतात, असं वाचलं. मग बटण दाबल्याबरोबर दिवा कसा लागतो?
– दहावीतील विद्यार्थिनी

उत्तर : वाचलंस ते खरं आहे. १ चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेतून १ अँपिअर विद्युतधारा वाहत असेल, तर इलेक्ट्रॉनांना एक मीटर सरकायला जवळजवळ पावणेचार तास लागतात! पण बटणापाशी असलेला इलेक्ट्रॉन दिव्यापर्यंत पोहोचायची गरजच नसते. पाण्याने आधीच भरलेल्या नळीचा कॉक उघडला की दुसऱ्या टोकाचं पाणी लगेच बाहेर पडतं. तारही अशीच इलेक्ट्रॉनांनी भरलेली असते. परिपथ पूर्ण होताच विद्युतक्षेत्र प्रचंड वेगाने तारेभर पसरतं आणि दिव्यातले इलेक्ट्रॉनही लगेच सरकू लागतात.

इतक्या मंद गतीतून एवढी धारा मिळते ती संख्येमुळे. १ अँपिअर म्हणजे तारेच्या कोणत्याही छेदातून दर सेकंदाला ६ वर १८ शून्यं, याहूनही थोडे जास्त इलेक्ट्रॉन जाणं. हा आकडा वहीत एकदा पूर्ण लिहून बघच.

घरातली वीज तर प्रत्यावर्ती. तिथे इलेक्ट्रॉन पुढे जातच नाहीत, सेकंदाला ५० वेळा जागच्या जागी मागे-पुढे होत राहतात.